पाणीबुवाची मान

मी लोखंडातला माणूस. कुपवाडला माझं शेड आहे. गेट, जिने, उसाच्या ट्रॉल्या, म्हणाल ते जोडून देतो. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हळदीचा व्यापार, त्यामुळे मी वेल्डिंगचा चष्मा लावला तेव्हाच वडिलांनी 'हा वाया गेला' असं जाहीर केलं होतं. आता हातात लेखणी बघून काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पण परवा नदीकाठच्या बागेवरून येताना पाणीबुवा डोक्यावर पाणी घेत उभा दिसला, खाली पोरं भिजत होती, आणि शिदूआण्णांची अशी आठवण आली की गाडी बाजूला लावून मी तिथेच बसून राहिलो. आण्णा जाऊन आता वर्ष होईल. घरी आल्यावर बायको म्हणाली, "डोळे कशानं लाल झालेत? चष्मा न लावता वेल्डिंग केलं का?" मी हो म्हणालो.

पाणीबुवा म्हणजे काय ते आधी सांगतो. सांगलीच्या जुन्या पेठेतल्या एका चौकात संस्थानच्या काळापासून काळ्या दगडाचं कारंजं होतं. एकावर एक दोन दगडी पराती, खालच्या परातीभोवती चार मासे, आणि सगळ्यांत वर हातात तीन टोकांचा भाला घेतलेला उघडा पुरुष. मूळचा तो परदेशी. कुणा हौशी कारभाऱ्यानं इटलीतल्या एका शहराच्या चौकाचं चित्र आणलं आणि 'हुबेहूब असं पाहिजे' म्हणून इथल्या पाथरवटांपुढे ठेवलं. तिकडे चार-पाचशे वर्षांपूर्वी, प्रबोधनाच्या काळात, नामांकित शिल्पकार चौकाचौकांत अशी कारंजी घडवत, असं आमच्या ड्रॉइंगच्या कुलकर्णी बाई सांगायच्या. आमच्या पाथरवटांनी समुद्र बघितला नव्हता. त्यांनी समुद्रातल्या माशांना कृष्णेतल्या मरळीचं तोंड दिलं, आणि गडी म्हटल्यावर मिशी हवीच म्हणून त्या समुद्रदेवाला चांगली पिळदार मिशी दिली. गावानं त्याला पाणीबुवा म्हणायला सुरुवात केली. बाईंना ते नाव आवडायचं नाही, पण त्यांना विचारतो कोण.

ह्या पाणीबुवाचे राखणदार शिदूआण्णा. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि काढायचा प्रश्न नव्हता. उंच, शिडशिडीत, भुवया दगडाच्या धुळीनं कायमच्या पांढऱ्या. मूळचे मेढ्याकडचे, जावळीच्या डोंगरातले. तरुणपणी घरोघरची दळणाची जाती टाकवायला, म्हणजे टाकीचे घाव घालून खरखरीत करून द्यायला, म्हणून सांगलीत आले आणि राहिले. पाटे, वरवंटे, देवळाच्या पायऱ्या, उंबरे हे त्यांचं काम. दर सोमवारी सकाळी ते सायकलला शिडी बांधून चौकात यायचे. वर चढायचे, बुवाचं तोंड पुसायचे, छिन्नीच्या बोथट टोकानं मानेवर टकटक करायचे, आणि मग डोळे मिटून त्या दगडी मानेला कान लावायचे. चांगली दोन-तीन मिनिटं. खाली रिक्षावाले हसायचे. "काय म्हनतोय बुवा?" कुणीतरी विचारायचं. आण्णा खाली उतरून म्हणायचे, "बरा हाय." एवढंच. आणि समोरच्या टपरीवर चहाला बसायचे.

बसण्याचीही एक तऱ्हा होती. कारंज्याकडे तोंड असलेलं बाकडं रिकामं असेल तरच बसणार. नसेल तर उभ्यानं चहा. पाणीबुवाकडे पाठ करून बसलेले आण्णा मी कधी पाहिले नाहीत. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "आवं आण्णा, पळून जातोय का तो?" ते हसले नाहीत. म्हणाले, "तुला न्हाई कळायचं, लोखंडवाल्या."

'लोखंडवाल्या' ही त्यांची माझ्यासाठीची शिवी. त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवला असेल: "दगडाला लोखंड दाखवायचं. आत घालायचं न्हाई." म्हणजे छिन्नी चालवावी, घाव घालावा, पण दोन दगड जोडायला आत लोखंडाचा गज कधी वापरू नये. तांबं वापरावं आणि भोवती शिसं ओतावं. "लोखंड पाणी पितं, गड्या. गंजतं. गंजलं की फुगतं. आन् फुगलं की दगडाला आतनं फोडतं. भाईर कायबी दिसत न्हाई, आन् एक दिवस टवका उडतो." हे त्यांनी नव्या पाथरवटांना सांगावं ते ठीक. पण माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा, चुलतभावांची वाटणी झाली तेव्हा, निवडणुकीत कुणी पक्ष बदलला तेव्हा, सगळीकडे हेच. मला वाटायचं, ह्यांना लोखंडाचा इतका तिटकारा, मग महिन्याला छिन्न्या शेवटायला, म्हणजे तापवून टोक काढायला, आणि पाणी द्यायला माझ्याच भट्टीवर कशाला येतात?

आमची ओळख झाली तीही लोखंडावरूनच. शेड सुरू करून महिनाही झाला नव्हता. दुपारी सायकलवरून एक माणूस आला. घामाघूम झालेला. "वीतभर लांब, आंगठ्याएवढा जाड गज पायजे. लगीच."

"कशाला?"

"जात्याची मेख कराया."

"एवढी जाड मेख?"

"जातं मोठं हाय," तो माणूस म्हणाला. माझ्याकडे न बघता. मी नवा, उत्साही. गज कापून दोन्ही टोकं कानशीनं घासून गुळगुळीत करून दिली. त्यानं तो गज धोतराच्या सोग्यात असा गुंडाळला की जणू चोरीचा आहे.

त्याच आठवड्यात चौकात मोठा कार्यक्रम झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी उसाची भरलेली ट्रॉली वळताना कारंज्यावर घसरली होती आणि पाणीबुवाचं मुंडकं मानेपासून तुटून परातीत पडलं होतं. शिदूआण्णांनी ते असं जोडून दिलं की सांधा शोधून सापडेना. गावानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मी गर्दीत मागे उभा होतो. सत्काराला उभा असलेला माणूस म्हणजे आपला जातंवाला, हे ओळखून मला मजा वाटली. शाल अंगावर पडली तेव्हा आण्णांनी मान अशी खाली घातली होती की लोक म्हणाले, किती विनयी माणूस.

तेव्हापासून आण्णांनी पाणीबुवाभोवती नियम घातले. पहिला नियम पाण्याचा. भाल्याच्या तीन टोकांतून पाणी उडून बुवाच्या डोक्यावर पडावं, अशी मूळ रचना. आण्णांनी वरची तोटी बंद करायला लावली. "सांदा वला हाय. म्हैनाभर वरनं पाणी नगं." महिना संपला, वर्ष संपलं, इंजिनीअर बदलले, तोटी बंदच. माशांच्या तोंडातून पाणी उडायचं आणि पाणीबुवा वर कोरडा ठणठणीत. दुसरा नियम तेलाचा. शनिवारी बुवाच्या मानेवर तेल घालायची पद्धत आण्णांनी सुरू केली. बायका येऊ लागल्या, खालून तेलाची वाटी आण्णांच्या हातात देऊ लागल्या. कुलकर्णी बाई संतापल्या. सरळ कण्याच्या, पांढऱ्या साडीतल्या बाई, त्यांनी भर चौकात सुनावलं, "आण्णा, हा देव नाही! इटलीतल्या शिल्पाची नक्कल आहे ही. तुम्ही ह्याचा मारुती करून टाकाल!"

"तुमचा देव नसंल बाई," आण्णा वरून म्हणाले, "माजा हाय." आणि तेल मानेच्या मागे बोटानं चोळत राहिले.

एका स्वातंत्र्यदिनाला नव्या हौशी अधिकाऱ्यानं रंगीत दिवे लावले आणि कुणाला न विचारता वरची तोटी सोडली. पाणी उडालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा कुठून पळत आले कळलं नाही. धोतरानिशी खालच्या परातीत शिरले, तिथून वरच्या परातीवर चढले, डोक्याचा पटका सोडून बुवाच्या मानेभोवती गुंडाळला आणि त्याला मिठी मारून उभे राहिले. "तोटी बंद करा! बंद करा आदी!" लोक हसून हसून बेजार. "बुवाला सर्दी झाली का वो, आण्णा?" मी त्यांना खाली उतरवायला गेलो. साठीचा माणूस लाल-हिरव्या उजेडात नखशिखांत थरथरत होता. ती थरथर पाण्याची नव्हती, एवढं मला कळलं. ह्या माणसाला काहीतरी आतून खातंय, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी विचारलंही. ते म्हणाले, "छिन्न्या झाल्या का माज्या?"

मग महापूर आला. कृष्णा पेठेत शिरली. आम्ही कुपवाडला उंचावर, सुरक्षित. आण्णांचं घर मात्र पाण्यात. जवानांच्या बोटीतून त्यांना आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, काढत होते, आणि आण्णांनी हट्ट धरला की बोट चौकातून न्या. त्या बोटीत मीही मदतीला होतो, म्हणून पाहिलं. जवान आपल्याच भागातला पोरगा, वैतागला. "आजोबा, मानसं काढायची हायती, फुडं बगू."

"माजं बी मानूसच हाय तितं," आण्णा म्हणाले.

पोरग्यानं वल्हं वळवलं. बोट चौकात गेली. पाणी वरच्या परातीच्या वर, बुवाच्या छातीला लागलं होतं. आण्णांनी वाकून हात लांब केला आणि मानेवर फिरवला. पाण्याची पातळी मानेपासून चार बोटं खाली होती. ते बराच वेळ ती चार बोटं बघत राहिले. काकू पदराखाली रडत होत्या; घर बुडाल्याचं त्यांना दुःख. आण्णांच्या तोंडून घराबद्दल एक शब्द निघाला नाही. पुढच्या दोन दिवसांत पाणी आणखी चढलं आणि पाणीबुवा मिशीपर्यंत बुडाला. आण्णा आमच्या शेडमध्ये राहत होते. जेवले नाहीत.

पुरानंतर ते म्हातारे दिसू लागले. सोमवारी कान लावून उभं राहायची वेळ वाढली. "बरा हाय" म्हणायचं बंद झालं.

तीन वर्षांपूर्वी चौकाचं सुशोभीकरण निघालं. रस्ता रुंद करायचा, मध्ये फायबरची कमळं बसवायची, आणि कारंजं काढायचं. कुलकर्णी बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण कणा तसाच. त्यांनी वर्षभर अर्ज केले, बैठका घेतल्या, आणि अखेर एक तोडगा मिळाला. एका रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी सहा चौक बंद राहील. तेवढ्या वेळात कारंजं सुखरूप उतरवून नदीकाठच्या बागेत नेता आलं तर न्या. मोडलं, किंवा सहापर्यंत जागेवर राहिलं, तर जागेवरच ब्रेकर लावून फोडतील. बैठकीत इंजिनीअरसाहेबांनी आण्णांना विचारलं, "वरचा पुतळा एकसंध आहे ना? मानेचा सांधा पक्का?" आण्णांनी टेबलाकडे बघत "हूं" म्हटलं. ते कागदावर आलं.

त्या रविवारी सकाळपासून चौकात माणूस मावत नव्हता. एका कोपऱ्यात ब्रेकरचं मशीन उभं, त्याचा चालक पाय पसरून मोबाईल बघत बसलेला. क्रेनवर एक निवृत्त जवान होता, सगळे त्याला फौजी म्हणत. उचलायची साखळी, हूक, चौकटी हे माझं काम. मासे दहापर्यंत उतरले. मग जुना नळ अडला. तो कापून काढण्यात दीड वाजला. आता पुतळा. तो उतरल्याशिवाय पराती हलणार नव्हत्या.

फौजीनं पट्टा टाकला. काखेतून एक, आणि मानेमागून एक.

"मानेला पट्टा नगं," आण्णा वरच्या फळीवरून म्हणाले.

"आवं आण्णा, भाल्याचा हात जड हाय. मानेमागनं घेतला न्हाई तर बुवा कलंडनार."

"मग मुंडकं आदी उतरवू."

साहेब घड्याळ बघत होते. "मुंडकं उतरवायचं म्हणजे? तुम्हीच सांगितलंत पुतळा एकसंध आहे. खाली शिशाचा सांधा आहे, त्याला हिसका देऊन सोडवायचंय. पुढे दोन पराती आहेत. वेळ कुठे आहे?"

"आण्णा, घेऊ द्या ना त्यांना," बाई खालून म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. बाईंचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

 फौजीनं पट्टा ताणला. क्रेनचा आवाज जड झाला. मी बुवाच्या खांद्याशी, आण्णांच्या समोरच्या फळीवर उभा होतो. मानेच्या मागे, तेलानं काळ्या पडलेल्या दगडातून, तांबूस भुकटीची एक बारीक धार खाली आली आणि बुवाच्या पाठीवर सांडली. मी लोखंडातला माणूस. गंज मी डोळे मिटून ओळखतो. मला काही कळायच्या आत आण्णांनी आपला उजवा हात पट्टा आणि दगड ह्यांच्या मध्ये घातला.

"फौजी! माजा हात हाय मदी. आता वढ बगू."

फौजीनं झटकन ढील दिली.  साहेब ओरडले, "काय चाललंय हे?"

"आत लोखंड हाय," आण्णा म्हणाले.

"कुठे?"

"मानंत."

"कुणी घातलं?" हे बाईंनी विचारलं.

शंभर वर्षांचं कारंजं. 'गज जुन्या कारागिरांचाच, मी तसाच ठेवला' एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. कोण शोधायला जाणार होतं? गर्दीत त्यांच्याकडे शिकलेले चार पाथरवट उभे होते, ज्यांना त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती. आण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"म्या," ते म्हणाले. "ट्रॉलीनं मुंडकं तुटलं तवा. तांब्याचा गज मागवल्याला, त्यो बारीक निगाला. मुंडकं डुलाया लागलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. म्हटलं, आता लोखंड घालू, आट दिसात बदलू. तवर शाल अंगावर पडली. मग बदलायचं म्हंजे शाल काडून द्याया पायजे हुती, बाई. न्हाई झालं माज्याच्यानं." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "भरमा, तुजाच गज हाय."

सगळं तिथल्या तिथे उलगडलं. बंद तोटी. शनिवारचं तेल. पुरातली चार बोटं. तीस वर्षं दर सोमवारी तो माणूस त्या मानेला कान लावून, लोखंडानं दगड फोडायला सुरुवात केली का, एवढंच ऐकत होता. मला दया यायला हवी होती. खरं सांगतो, मला भयंकर राग आला. आयुष्यभर मला लोखंडवाला म्हणून हिणवलं, आणि गज माझाच!

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आन् वर सत्कार घेतला, बगा." बाईंनी त्या दिशेला नुसतं पाहिलं, तो आवाज बंद झाला. मग त्यांनी मला विचारलं, "भरमा, किती वेळ लागेल?"

"ग्राइंडर चालणार नाही, हादऱ्यानं फुटेल. हातानं कापायला दीड तास."

सव्वादोन वाजले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "कापा."

आण्णांनी पातळ छिन्नीनं सांध्यातली राळ आणि दगडाचं पीठ उकरून काढलं. पातं जाईल एवढी फट झाली. मी हॅक्सॉचं नुसतं पातं चिंधीत धरून आत घातलं. मुंडक्याचा भार फटीवर येऊ नये म्हणून आण्णांनी ते दोन्ही हातांनी पेललं, गालाला गाल लावून. तसेच उभे राहिले. एक पातं मोडलं. दुसरं मोडलं. घाम डोळ्यांत जात होता आणि आमच्या तोंडांत वीतभराचं अंतर होतं. मला राहवेना.

"जातं मोठं हाय, म्हणाला होतात," मी म्हणालो.

"व्हय रं," आण्णा म्हणाले. "लय मोठं."

 चौथ्या पात्याला गज तुटला आणि मुंडकं आण्णांच्या हातांत आलं. गजाचा अंगठा फुगून दीड अंगठा झाला होता. त्याच्या भोकापासून एक केसाएवढी चीर निघून कानामागून वर गेली होती, दुसरी खांद्यात उतरली होती. हिसका बसता तर मुंडकं पराती फोडूनच खाली गेलं असतं. फौजीनं वर येऊन ते बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पावणेसहाला शेवटची परात ट्रकवर चढली. ब्रेकरवाल्यानं मोबाईल खिशात घातला आणि मशीन घेऊन गेला. बाई फुटपाथवर बसून रडल्या. लोकांनी फोटो काढले. आण्णा त्यांत कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती शाल बाईंच्या घरी आली. तीस वर्षांत एकदाही न वापरलेली, दुकानातली घडी तशीच. आठवड्याभरात आण्णा आणि काकू मेढ्याकडे गावी निघून गेले. पेठेत बोलायला विषय झाला. ज्यांना छिन्नी कशी धरतात ठाऊक नाही तेही म्हणू लागले, मला आधीपासून संशय होता. बागेत कारंजं उभं राहिलं, पण बुवा बिनमुंडक्याचा. खांद्याची चीर बाईंनी जाणकार बोलावून भरून घेतली. मुंडकं मात्र माझ्या शेडमध्ये, फळीवर. मी वेल्डिंग करायचो आणि तो मिशी पिळून बघत बसायचा. आण्णांच्या हाताखालच्या चौघांनाही बाईंनी विचारलं. चौघांचं उत्तर एकच: "त्यो जोड आण्णांचा. आमी हात लावनार न्हाई."

चार महिने वाट बघितली आणि तांब्याचा गज घेऊन मी मेढ्याला गेलो. आण्णा पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. काकू दाराआडून म्हणाल्या, "हितं आल्यापास्नं छिन्नी हातात धरली न्हाई बगा."

मी गज पुढे ठेवला. त्यांनी बघितला नाही.

"माजा हात नगं त्याला. दुसरं कुनी बगा."

"दुसरं कुणी लावत नाही."

"मग ऱ्हाऊ दे तसाच."

मी तासभर समजावलं. बाई वाट बघतात म्हणालो, गाव विसरलं म्हणालो. ते शेंगा सोलत राहिले. शेवटी माझं डोकं फिरलं. उठलो, गज उचलला आणि म्हणालो, "ठीक आहे. मग मीच बसवतो उद्या. माझ्याकडे लोखंडाचा गज पडलाय, चांगला अंगठ्याएवढा."

आण्णांचा हात थांबला. पांढऱ्या भुवया वर झाल्या. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की वाटलं, आता परातभर शेंगा अंगावर येतात.

"दाव हिकडं," ते म्हणाले. तांब्याचा गज अंगठ्याला लावून बघितला. टोकावर नख फिरवलं. "जाडी बराबर हाय." मग आत बघून म्हणाले, "आगं, पिशवी भर."

जोडायला चार दिवस लागले. ह्या वेळी कार्यक्रम नव्हता, पाहुणे नव्हते. चीर भरली, गज बसवला, शिसं मी वितळवून दिलं आणि त्यांनी ओतलं. काही पाथरवट लांब उभे होते. आण्णांनी त्यांना जवळ बोलावलं आणि गंजून फुगलेला तो जुना तुकडा एकेकाच्या हातात दिला. "बगा," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी बाई, मी आणि बागेचा माळी होतो. आण्णांनी स्वतः वरची तोटी सोडली. नळात आधी नुसती हवा फुसफुसली, गढूळ पाणी आलं, आणि मग भाल्याच्या तिन्ही टोकांतून पाणी उडालं आणि तो स्वातंत्र्यदिन सोडला तर तीस वर्षांनी पाणीबुवाच्या डोक्यावर पडलं. मिशीवरून, मानेवरून, छातीवरून ओघळत परातीत आलं. बाई म्हणाल्या, "इटलीत असंच दिसत असेल." मी आण्णांकडे बघत होतो. आता शिडी लावतील, कान लावतील, म्हणून मी शिडी धरायला पुढेही झालो. त्यांनी हातानं नको म्हटलं.

साताऱ्याच्या गाडीला अजून वेळ होता. मी भडंगाचा पुडा आणला होता. आण्णा कारंज्याच्या कठड्यावर बसले, नदीकडे तोंड करून. पाठीवर तुषार उडत होते, सदरा भिजत होता. मागे वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही. पुडा उघडून मूठभर भडंग तोंडात टाकलं, चावलं, आणि तोंड वाकडं केलं.

"मऊ पडलंय रं हे, लोखंडवाल्या," ते म्हणाले, आणि सगळा पुडा खाऊन संपवला.